पलीकडच्या काठावरचा नवरा

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी एक गोष्ट फार अभिमानाने सांगितली होती. मुलगा सरकारी नोकरीत आहे, ओव्हरसियर आहे, आणि तोही पाण्याच्या खात्यात. माझ्या वडिलांना वाटलं, चला, पोरीच्या घरी निदान नळाला पाणी येत असेल. लग्न होऊन अंधेरीला आले आणि दुसऱ्याच सकाळी कळशी घेऊन विहिरीवर उभी राहिले. यांचं काम पाणी आणण्याचं नव्हतं, मोजण्याचं होतं. कुठल्या नदीतून किती पाणी वाहतं ते मोजायचं आणि वर कळवायचं. वरचे लोक ते आणखी वर कळवायचे. शेवटी ते पाणी कागदावरून इतकं उंच चढायचं की खाली कुणाच्या कळशीत उतरायचा प्रश्नच नसे.

पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. देशात धरणांचं वारं सुटलं होतं. कुठे दोन डोंगरांमध्ये जरा ओल दिसली की तिथे धरण बांधायच्या गप्पा सुरू होत. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा यांची बदली झाली ती थेट हिमालयात, कुलूच्याही पलीकडे, वर्षातले निम्मे महिने बर्फाने बंद असणाऱ्या खिंडीच्या मागे. तिथे चंद्रा नावाची नदी होती आणि तिचं पाणी आजवर कुणीच मोजलं नव्हतं, हा तिचा अपराध होता. चंद्रा हे नाव ऐकून सासूबाईंच्या मनात आधी पाल चुकचुकली. ती नदी आहे हे पटायला त्यांना संध्याकाळ लागली.

मी सोबत जावं असं ठरलं. नवऱ्याच्या पाठोपाठ जाणं हाच बायकोचा धर्म, असं सगळ्यांनी मला समजावलं. धाकट्या दिरांचं लग्न ठरलेलं होतं, घरात खोल्या दोन आणि माणसं सात, हा केवळ योगायोग.

मामंजी म्हणजे माझे सासरे. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. नाशिकच्या पुढे कधी गेले नव्हते, त्यामुळे हिमालयाविषयी त्यांचं मत अगदी स्वच्छ होतं. तिथे नद्या निळ्याशार असतात, माणसं सात्त्विक असतात आणि हवा विरळ असल्यामुळे बोलणं कमी करावं लागतं, असं त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. यातली शेवटची सूचना यांना देण्याची काही गरज नव्हती. लग्न झाल्यापासून हे माझ्याशी जे बोलले होते ते सगळं एका तारेत बसलं असतं. दोष त्यांचाही नव्हता. सात माणसांच्या घरात नवरा-बायकोने बोलायचं म्हणजे सभेत बोलण्यासारखं. ते बिचारे मला म्हणायचे, “चहा”, आणि मी द्यायचे. एवढ्यावर संसार चालू होता, आणि शेजारच्या बायका मला नशीबवान म्हणायच्या.

प्रवासाचं फार सांगत नाही. आगगाडी, मग बस, मग खेचरं, आणि खेचरांनाही जिथे माझी दया आली तिथून पायी. खिंड ओलांडून पलीकडे उतरलो आणि नदी पहिल्यांदा दिसली. अंधेरीत आमच्याकडची नदी म्हणजे ओशिवऱ्याची, जिच्यात म्हशी धूत. त्या नदीबद्दल मी नाक मुरडायचे. चंद्रा नदीचा रंग पाहिला आणि ओशिवऱ्याची मनातल्या मनात माफी मागितली. निळीशार वगैरे काही नाही. कढईत राख घालून घासल्यावर जे पाणी निघतं तो रंग. वर बर्फाचे मोठमोठे ओघ डोंगर खरवडत खाली येतात, त्यांच्या पोटातलं ते पाणी, म्हणून तसा रंग, असं यांनी सांगितलं. लग्नानंतरचं त्यांचं ते सर्वांत लांब वाक्य होतं. मला नदीपेक्षा त्याचंच जास्त नवल वाटलं.

दोन्ही काठांवर एक-एक लहानसं गाव होतं. आमचं उन्हाच्या बाजूला. पलीकडचं सावलीच्या बाजूला, त्याच्या डोक्यावर एक मठ आणि मठात एक म्हातारा लामा. झाडं म्हणावीत अशी नाहीतच. पाटाच्या कडेला थोडे वाळुंज आणि वर उतारावर खुरटी भूर्जं. ज्या झाडाच्या सालीवर ऋषीमुनींनी पोथ्या लिहिल्या तेच हे झाड, पण तिथल्या लोकांना वाचनाची घाई नसावी. ते त्याच्या फांद्यांचे दोर वळून पूल बांधत. पायाखाली एक जाड दोर, हातांना दोन, मध्ये जाळीसारखं विणकाम, आणि खाली ती राखेच्या रंगाची नदी. पूल वाऱ्यात झोके घ्यायचा. गावातल्या बायका पाठीवर गवताचे भारे घेऊन, गप्पा मारत त्यावरून जायच्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा डोळे मिटून, चार पायांवर गेले. पलीकडे पोचल्यावर एका म्हातारीने मला मेंढीला देतात तसं मूठभर गवत दिलं.

ज्या घरात आम्हाला खोली मिळाली त्याची मालकीण माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. खाली गुरं, वर माणसं, आणि त्याच्या वर सपाट छतावर चारा रचलेला. तिला मोडकं हिंदी यायचं, मलाही मोडकंच यायचं, पण आम्हा दोघींचं वेगवेगळ्या ठिकाणी मोडलेलं होतं, त्यामुळे एकमेकींचं चालून जाई. ती मला बहू म्हणायची. तिला दोन नवरे होते. सख्खे भाऊ. जमिनीचे तुकडे होऊ नयेत म्हणून तिकडे तशी रीतच होती. थोरला मेंढरांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून व्यापाराला जायचा, धाकटा घरी शेती पाहायचा. हे मला समजलं त्या दिवशी मी सासूबाईंना काय लिहावं याचा बराच विचार केला आणि शेवटी हवा छान आहे एवढंच लिहिलं.

नदीला तिथे वेळापत्रक होतं. सकाळी ती कमी असे, कारण रात्री वरचं बर्फ गोठलेलं असे. ऊन चढलं की बर्फ वितळायचं, आणि दुपार कलल्यावर पाणी फुगायचं. जितकं ऊन कडक तितका पूर मोठा. आमच्याकडे आभाळ भरून आलं की नदीला पूर, इथे आभाळ निरभ्र असलं की पूर. फुगलेल्या पाण्याखालून मोठमोठे धोंडे गडगडत जात आणि त्यांचा आवाज थेट आमच्या खोलीच्या भिंतीत येई, जसं कुणी तळघरात कपाटं सरकवतंय. लोक सगळी कामं नदीच्या लहरीने करत. नाला ओलांडायचा तर सकाळी, कुणाकडे पाहुणे म्हणून जायचं तर सकाळी, भांडायला जायचं तरी सकाळीच, म्हणजे भांडून परत येता येतं.

पुलाबद्दल मात्र एक भांडण दुपारीही चालू असे. दर काही वर्षांनी दोन्ही गावांनी मिळून तो नव्याने बांधायचा अशी जुनी पद्धत, आणि फांद्या आणायची पाळी या खेपेला कुणाची, यावर भांडण. त्या वर्षी बांधायला हवा होता. पण आदल्या वर्षी कुणी साहेब येऊन सांगून गेला होता की आता सरकार इथे लोखंडी पूल बांधणार. झालं. दोन्ही गावांनी सरकारवर विश्वास ठेवला. स्वातंत्र्य नवीन होतं, लोकांना सवय नव्हती.

श्रावण असावा. इकडे श्रावणात पाऊस नाही, रखरखीत ऊन. हे सकाळी पूल ओलांडून पलीकडच्या काठावर मोजपट्टी बसवायला गेले. मोजपट्टी म्हणजे खडकाला ठोकलेली लाकडी फळी, तिच्यावर आकडे, पाणी कुठवर आलं ते वाचायचं. अलीकडे एक होती, पलीकडेही हवी, असा वरून हुकूम होता. नदी दोन्ही काठांना सारखीच चढते हे वरच्यांना माहीत नसावं. दुपारी मी त्यांच्यासाठी डबा घेऊन काठावर गेले. पाणी फुगायला लागलं होतं. पलीकडून हे परत यायला निघाले होते, गावातली दोन-तीन माणसं सोबत उभी होती. आणि मला दिसलं की पुलाच्या मध्यापाशी पायाखालचा दोर उसवतोय. एक-एक फांदी सुटून वर येत होती, जुन्या केरसुणीसारखी. माझ्या बाजूने ते स्पष्ट दिसत होतं. त्यांच्या बाजूने विणकाम आड येत होतं, त्यांना दिसणं शक्य नव्हतं.

मी ओरडले, “अहो!”

आता हा शब्द आमच्याकडच्या बायकांनी कुठल्या प्रकारच्या नदीसाठी बनवला कोण जाणे. स्वयंपाकघरातून ओटीपर्यंत तो पोचतो. धोंडे गडगडणाऱ्या पाण्यावरून पोचत नाही. आणि पोचला असता तरी पलीकडे तीन-चार पुरुष होते, त्यातला नेमका कुठला अहो? यांनी एक पाय पुलावर टाकला. तेव्हा मी त्यांचं नाव घेऊन हाक मारली. नुसतं नाव. उखाणा नाही, मागे राव नाही, काही नाही. सगळा जीव एकवटून दोनदा मारली.

हे थबकले. माझ्याकडे बघतच राहिले. पाय मागे घेतला. आणि मग पूल गेला. फार मोठा आवाज वगैरे झाला नाही. मध्यभागी तो हळूच खाली वाकला, पाण्याला टेकला, आणि पाण्याने त्याला हाताला धरून नेलं. दोन टोकं दोन्ही काठांवर लोंबत राहिली. माझ्या हातात डबा तसाच होता. माझ्या मागे घरमालकीण येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, “बहू, म्हणून म्हणते, दोन असावेत. एक त्या काठावर गेला तर एक या काठावर राहतो.”

मी हसले की रडले ते आठवत नाही. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच माझी व्यवस्था कच्ची वाटत होती.

दुसरी वाट नव्हती. खालच्या अंगाला एक पूल होता, पण पलीकडच्या बाजूने तिथवर जाणारी पायवाट दरडीने गेली होती. वरच्या अंगाला बर्फातून येणारे नाले, ते थंडी पडून आटेपर्यंत ओलांडणं म्हणजे आत्महत्या. नवा पूल केव्हा, तर पीक निघाल्यावर. आता हात रिकामे नाहीत आणि फांद्याही पानगळ लागल्याशिवाय तोडायच्या नसतात, असं दोन्ही गावांनी सांगितलं. या एका बाबतीत त्यांचं ताबडतोब एकमत झालं. म्हणजे नवरा समोर, मध्ये दगड फेकला तर पोचेल एवढं अंतर, आणि तरी त्याच्याकडे जायचं तर जव पिकायची वाट पाहायची. यांनी मठात लामाकडे मुक्काम केला.

दगड फेकला तर पोचेल हे मी उगाच म्हणत नाही. मालकिणीचा धाकटा नवरा गोफण मारण्यात पटाईत होता. दुसऱ्याच दिवशी त्याने यांचे गरम कपडे धोंड्याला गुंडाळून पलीकडे फेकले. यांच्याकडून पहिली चिठ्ठी तशीच आली. मी धावत जाऊन उचलली. त्यात लिहिलं होतं, “प्रकृती ठीक. काळजी नसावी. अलीकडची पट्टी सकाळ-संध्याकाळ वाचत जावी.” लग्नानंतरचं मला आलेलं ते पहिलं पत्र. मी उलट निरोप पाठवला की आणखी लिहा. त्यावर उत्तर आलं की जवळचा कागद सरकारी आहे, खासगी कामाला वापरणं बरोबर नाही. मग पत्रव्यवहार संपला.

त्यानंतर आम्ही खरे बोलायला लागलो. सकाळी पाणी कमी असताना मी या काठावरच्या खडकावर जाऊन बसायचे, ते त्या काठावर. सकाळीसुद्धा आवाज पोचत नसे. सगळं हातांनी. सुरुवातीला यांचे हातही यांच्या तोंडासारखेच होते. एकदा वर जायचा, ठीक आहे असं सांगायचा, आणि खिशात जायचा. पण रोज तासभर समोरासमोर बसून माणूस किती वेळ ठीक असेल? हळूहळू ते खुलले. लामा जेवताना कसा मुटका वळतो ते त्यांनी करून दाखवलं. खारट लोण्याच्या चहाने तोंड कसं होतं ते दाखवलं. तो चहा मलाही प्यावा लागत होता, आम्ही दोघं काठावर बसून एकमेकांना वेडावून दाखवायचो. मी मालकिणीची नक्कल केली, तिच्या दोन नवऱ्यांची केली, ती मागेच उभी होती हे मला उशिरा समजलं. यांना एवढं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. हसण्याचा आवाज मात्र आला नाही, तोंड उघडं दिसलं आणि खांदे हलताना दिसले. अंधेरीत आमच्या घरी हे असे हसले असते तर सासूबाईंनी दृष्ट काढली असती.

मी जवाच्या पिठाची थालीपीठं लावून पाठवायचे. थालीपीठ गोफणीला फार चांगलं, वाळलं की मध्ये फुटत नाही. बदल्यात पलीकडून एक दिवस एक मोजा आला. तिकडे पुरुषही सूत कातायचे, मोजे विणायचे, आणि मठात दुसरं काम नसल्यामुळे लामाने सरकारी ओव्हरसियरला विणायला बसवलं होतं. मोजा एवढा मोठा होता की त्यात माझे दोन्ही पाय गेले. दुसरा नदीत पडला. यांचा नेम कधीच चांगला नव्हता.

आणि मी पट्टी वाचत होते. सांगितलं म्हणून सुरुवात केली, पुढे सवय लागली. कोळशाने भिंतीवर आकडे मांडायचे. मालकिणीने विचारलं, हे कशाला? मी म्हटलं, सरकारला हवंय. ती म्हणाली, नदी काल होती तशीच आज आहे, सांग सरकारला.

मग एके सकाळी हे आले नाहीत. पाणी चढेपर्यंत मी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी लामा आला. खडकावर उभा राहून त्याने तळहात गालाला लावला, मान कलती केली, मग हात कपाळाला लावला आणि शेवटी बोटं वर आभाळाकडे दाखवली. एवढं करून तो मला नमस्कार करून निघून गेला.

मी किती वेळा तो अर्थ लावून पाहिला असेल. झोपलाय, ताप आहे, देवाच्या हाती आहे. किंवा झोपला, तापाने, देवाकडे गेला. दोन्ही त्याच खुणांत बसत होतं. इतके दिवस मी त्या खुणांच्या भाषेवर फार खूश होते. घरी येऊन मालकिणीला करून दाखवलं. ती म्हणाली, मेला असता तर मठातून धूर दिसला असता, लामा चुलीला सरपण देणार नाही पण चितेला देईल. हे तिने सांत्वनासाठी सांगितलं. मी सुंठ, ओवा, उरलासुरला गूळ असं सगळं फडक्यात बांधलं आणि तिच्या धाकट्या नवऱ्याला फेकायला लावलं. त्याने पहिल्याच फेकीत पोचवलं. त्या दिवसापासून माझी नजर मठाच्या छपरावर. जरा धूर दिसला की मी काठाकडे धावायचे, मग कळायचं की चहा होतोय. पट्टीही वाचत होते. काय करणार होते दुसरं? पाणी किती आलं, किती गेलं, एवढं तरी हाती लागत होतं. अंधेरीच्या घरी या वेळी सगळी मिळून काय करत असतील असा विचार यायचा, आणि मग लक्षात यायचं की त्यांना हे ठाऊकच नाही.

काही दिवसांनी ते आले. लामाच्या खांद्याला धरून, घोंगडीत गुंडाळलेले, दाढी वाढलेली. खडकावर बसले आणि हात वर केला. मीही केला. मालकिणीने मागून येऊन विचारलं, रडतेस का? मी म्हटलं धुराने. काठावर धूर कुठला, हे तिने विचारलं नाही. तिच्या स्वभावात ते बसत नव्हतं, तरी विचारलं नाही.

जव कापून झाले. वाळुंज पिवळे पडले, नदी ओसरली, आणि आश्चर्य म्हणजे तिचा रंग बदलला. खरोखर निळी झाली. मामंजींचं म्हणणं वर्षातून महिनाभर खरं होतं. मग दोन्ही गावांनी भांडण आटपलं. कुणाची पाळी होती याचा निकाल लागला नाही, पण बायकांनी फांद्या भिजत घातल्या तेव्हा पुरुषांना मुकाट्याने दोर वळायला बसावं लागलं. मीही वळले. हाताची सालटं निघाली. गोफणीने आधी सुतळी गेली, तिला बांधून दोरी, दोरीला बांधून दोर. पूल झाल्यावर त्यावरून आधी एक बकरी गेली, कारण ती हलकी आणि तिला कुणाला जाब द्यायचा नव्हता. मग हे आले.

इतके दिवस वाट पाहून समोर उभं राहिल्यावर दोघांनाही हात कुठे ठेवावेत ते सुचेना. सगळं गाव तमाशा बघायला जमलं होतं. ते म्हणाले, “जेवलीस?”

मी म्हटलं, “तुमची वाट पाहत होते.”

घरी जाताना वाटेत, कुणी जवळ नाही असं पाहून ते म्हणाले, “त्या दिवशी तू माझं नाव घेतलंस.”

“ऐकू आलं?”

“छे. काही ऐकू येत नव्हतं. दिसलं.”

बर्फाने खिंड बंद व्हायच्या आत आम्ही खाली उतरलो. निघताना मालकिणीने मला वाळवलेले मटार आणि एक सल्ला दिला. सल्ला इथे लिहिण्यासारखा नाही. भिंतीवरचे आकडे यांनी नीट उतरवून घेतले होते. पुढे खात्याकडून यांना शाबासकी आली, की पूल वाहून गेला असतानाही ओव्हरसियरने अलीकडच्या काठावरची नोंद एक दिवसही चुकवली नाही. पलीकडे राहून अलीकडची पट्टी कशी वाचली, हा प्रश्न कुणाला पडला नाही. यांनी वर लिहून कळवलं की वाचन पत्नीने केलं. त्यावर उत्तर आलं की पत्नी या हुद्द्याची खात्यात तरतूद नाही.

अंधेरीला परतलो तर घरात माणसं आठ. मामंजींनी आम्हाला समोर बसवून हिमालयाची माहिती सांगितली. मी निळ्या रंगाबद्दल बोलू पाहत होते, पण त्यांचं त्या वेळी जडीबुटीवर चाललं होतं. सासूबाईंना मुख्य चिंता, कुणाच्या हातचं खाल्लंस. शेजारच्या बायकांना एकच विचारायचं होतं, बर्फ कसं लागतं. एकीने तर म्हटलं, मजा आहे बाई तुझी, नवऱ्याबरोबर निवांत चार महिने. मी म्हटलं, हो ना.

हे पुन्हा “चहा” म्हणायला लागले. मी पुन्हा द्यायला लागले. मला वाईट वाटलं, पण आठ माणसांत दुसरं काय होणार होतं? फरक एवढाच की कप घेताना ते माझ्याकडे बघायचे, आणि कधीकधी त्यांचे खांदे हलायचे. सासूबाईंना वाटायचं, ठसका लागला.

पुढे यांची बदली मुलुंडला झाली, मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या नळावर. लोखंडी नळ, म्हशीच्या पाठीएवढा उंच, रानातून सरळ गेलेला. त्यात नदीच होती म्हणा, फक्त तिला काठ नव्हते. ना पूर, ना रंग, ना पलीकडचं गाव. हे तिचंही पाणी मोजायचे. रविवारी मी अंधेरीहून डबा घेऊन जायचे आणि आम्ही दोघं त्या नळावर चढून, पाय सोडून बसायचो. आजूबाजूला करवंदांच्या जाळ्या, लांबवर एखादा गुराखी. नळातून घुमल्यासारखा आवाज यायचा, पण त्यावरून बोलता येत होतं. हे बोलायचे. खूप बोलायचे. लहानपणीचं, ऑफिसातलं, लामाच्या घोरण्याचं. मला मधूनच बोलू द्यावं लागतं हे त्यांना सांगावं लागलं.

एकदा नळाचा नवीन राखणदार काठी आपटत आला. यांना ओळखत नव्हता. दिवसाढवळ्या बाईमाणसाला घेऊन इथे काय बसलात, असं त्याने दरडावून विचारलं. यांनी शांतपणे सांगितलं की ही माझी बायको. त्याने आम्हाला खालून वर पाहिलं.

“बायको असेल तर घरी जाऊन बोला की,” तो म्हणाला. “घर नाही का तुम्हाला?”

हे म्हणाले, “आहे ना. आठ माणसं आहेत त्यात.”

त्याने काठी काखेत धरली, तंबाखूची चंची काढली, आणि थोडं पुढे जाऊन, आमच्याकडे पाठ करून नळावर बसला.